टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट' (१९८०): कॉर्ड बदलत नाही, तरी गाणं पुढे जातं

अनवट

इथे रॉकवर धागे निघतात ते बहुधा बीटल्स, पिंक फ्लॉइड, फार तर डायर स्ट्रेट्सवर. न्यू वेव्हचा (पंकनंतरच्या रॉकचा) विषय निघालाच तर 'द पोलिस'वर येऊन संपतो. त्यांनी १९८० साली मुंबईत कार्यक्रमही केला होता, त्यामुळे ते साहजिक आहे. पण त्याच वर्षी आलेल्या एका अल्बमबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं. टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट'. ऑक्टोबर १९८०, सायर रेकॉर्ड्स, आठ गाणी, सगळं मिळून चाळीस मिनिटं.

ओळख थोडक्यात: न्यूयॉर्कचा चौघांचा बँड. डेव्हिड बर्न गायक आणि गिटारवादक, टिना वेमथ बेसवर, ख्रिस फ्रँट्झ ड्रम्सवर, आणि थोडा मागाहून आलेला जेरी हॅरिसन कीबोर्ड व गिटारवर. १९७५ साली न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात रामोन्स या पंक बँडच्या आधी वाजवून त्यांची सुरुवात झाली. हा त्यांचा चौथा अल्बम. निर्माता ब्रायन ईनो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. भजन, ढोलकी, रागसंगीत कानावर पडत वाढलेल्या माणसाला हा अल्बम अजिबात परका वाटू नये. उलट नेहमीच्या रॉक श्रोत्यापेक्षा त्याला तो लवकर उमगावा. कारण इथे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, जवळपास बदलतच नाहीत. 'बॉर्न अंडर पंचेस', 'क्रॉसआइड अँड पेनलेस', 'द ग्रेट कर्व्ह' ही पहिली तिन्ही गाणी ज्या कॉर्डवर सुरू होतात तिथेच संपतात. एरवी रॉकमध्ये ध्रुवपद आलं हे कॉर्ड बदलल्यावर कळतं. इथे ते आवाज वाढले, कमी झाले, कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं यावरून कळतं. षड्ज ढळत नाही आणि तरी मैफल चढत जाते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

हे घडलं कसं? १९८०च्या उन्हाळ्यात बँड बहामामध्ये नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेला तेव्हा हातात लिहिलेली गाणी नव्हती. सगळे एकत्र वाजवायला बसायचे. त्यातला एखादा तुकडा जमला की तो निवडायचा आणि तेवढाच सलग कितीतरी वेळ वाजवत राहायचा. त्यावर दुसरा तुकडा, त्यावर तिसरा. आज हे काम संगणकावर कॉपी-पेस्ट करून होतं, तेव्हा प्रत्येक आवर्तन हातानं वाजवावं लागलं. टेपवर असे थरावर थर साठले की मिक्सिंगच्या वेळी कुठला ट्रॅक चालू, कुठला बंद, यातून गाण्याचा आकार काढायचा. कडवं म्हणजे अमुक चार ट्रॅक, ध्रुवपद म्हणजे ते चार आणि आणखी तीन.

शब्द सगळ्यात शेवटी. बर्नला शब्द सुचत नव्हते, म्हणून आधी त्यानं निरर्थक अक्षरं गाऊन चाली बसवल्या आणि मग त्या अक्षरांच्या वजनाला शोभतील असे शब्द शोधले. रेडिओवरच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांची बोलण्याची लय त्याच्या कानात होती. 'वन्स इन अ लाइफटाइम'मध्ये तो गातोय की प्रवचन देतोय, हे ठरवता येत नाही ते त्यामुळे. पुढचं काम न्यूयॉर्कच्या सिग्मा साउंडमध्ये झालं. तिथे नोना हेंड्रिक्सचा आवाज आला, एड्रियन बेल्यूची गिटार आली.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी लिहा. ज्यांनी नाही ऐकला त्यांनी आज रात्री हेडफोन लावून पहिली बाजू ऐका, मग लिहा.

मृद्गंध

वाचनखूण साठवली आहे. ऐकून येते.

बेसवाला नाशिककर

अनवट, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी हौशी बेस वाजवतो, त्यामुळे मला फक्त टिना वेमथ आणि ख्रिस फ्रँट्झबद्दल लिहू द्या. सगळे बर्न आणि ईनोबद्दल बोलतात.

दोन मात्रांचा, चार मात्रांचा तुकडा पाच-सहा मिनिटं जराही न हलवता वाजवणं किती अवघड आहे हे केल्याशिवाय कळत नाही. बोटं आपोआप सजवायला लागतात. एखादा जादा स्वर येतो, कुठे तरी घसरण येते, लय किंचित पुढे सरकते. आणि एकदा सजावट सुरू झाली की वरच्या थरांना जागा उरत नाही. 'वन्स इन अ लाइफटाइम'चा बेस ऐका. वाक्य एवढंसं, मध्ये मोकळी जागा, आणि गाणंभर तेच. ती मोकळी जागा वेमथनं एकदाही भरलेली नाही. म्हणून त्या जागेत कीबोर्डचे पाण्यासारखे बुडबुडे ऐकू येतात.

आमच्याकडे नवीन मुलं बेस शिकायला येतात तेव्हा त्यांना वेगानं वाजवायचं असतं. मी त्यांना हे गाणं लावून सांगतो, हे पूर्ण वाजव, काही वाढवू नकोस. बहुतेकांचा धीर दुसऱ्या मिनिटाला सुटतो.

गिरगावकरीण

काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून मी हा कॅसेटवर घेतला होता, कॉलेजात असताना. पहिल्या बाजूवर माझं अजूनही तितकंच प्रेम आहे. 'द ग्रेट कर्व्ह' सुरू झालं की बसून राहता येत नाही. शेवटाकडे तीन वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गायल्या जातात, प्रत्येकीची चाल वेगळी, आणि तरी एकही दुसरीच्या पायात येत नाही. आणि त्यावर बेल्यूची गिटार हत्तीसारखी चीत्कारते.

पण दुसरी बाजू मला कधीच तेवढी आपली वाटली नाही. 'सीन अँड नॉट सीन'मध्ये नुसतं बोलणं आहे. एक माणूस मनातल्या आदर्श चेहऱ्यासारखा आपला चेहरा हळूहळू बदलत नेतो, त्याची गोष्ट. कल्पना सुरेख, पण गाणं? आणि 'द ओव्हरलोड' तर इतकं संथ आणि काळोखं आहे की मी कॅसेट तिथेच थांबवायचे. दुसरी बाजू आवडणाऱ्यांनी तिच्यात काय ऐकायचं ते सांगा. मी खरंच विचारतेय.

तिहाई

तबला वाजवतो, रॉकमधलं फार कळत नाही. पण अनवटनी लिहिलंय म्हणून काल 'वन्स इन अ लाइफटाइम' मात्रा मोजत ऐकलं, आणि गोंधळलो. चार-चारचा साधा हिशोब आहे, तरी सम कुठे धरायची ते पक्कं होत नाही. ड्रमबरोबर मोजत गेलो की बेस वाकडा वाटतो. बेसला सम मानली की आवाज उशिरा येतोय असं वाटतं. हे माझ्या कानाचं आहे की मुद्दाम केलंय?

अनवट

तिहाई, तुमचा कान अगदी बरोबर जागी गेला. त्या गाण्यात ईनोला आवर्तनाची सुरुवात बँडपेक्षा वेगळ्या जागी ऐकू येत होती. बाकीच्यांची तिसरी मात्रा ती त्याची पहिली. एरवी कुणीतरी म्हणालं असतं, बाबा, सम इथे आहे, आणि विषय मिटला असता. इथे त्यांनी तो फरक तसाच ठेवला आणि ज्याला जिथे सम वाटेल तिथून वाजवू दिलं. म्हणून एकाच गाण्यात दोन सुरुवाती आहेत.

हेच गाणं ईनोला आधी फारसं आवडलं नव्हतं आणि ते जवळपास बाजूला पडणार होतं, हेही सांगायला हवं. शेवटी जेरी हॅरिसनचा ऑर्गन चढत येतो आणि गाणं उजळून निघतं, तो भाग त्यानं व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या 'व्हॉट गोज ऑन'वरून घेतला. म्हणजे आफ्रिकन तालावर उभ्या असलेल्या गाण्याच्या शेवटी न्यूयॉर्कचाच जुना ऑर्गन येतो. मला ती जागा फार प्रिय आहे.

तिहाई

मग मी आता दोन्हीकडून मोजून ऐकतो. आभार.

मिरजकर

गिरगावकरीणताई, दुसऱ्या बाजूत काय ऐकायचं याचं माझ्यापुरतं उत्तर देतो. 'हाउसेस इन मोशन'मधला ट्रम्पेट ऐका.

तो वाजवणारा जॉन हॅसेल, मूळचा मेम्फिसचा. आधी जर्मनीत कोलोनला संगीतकार स्टॉकहाउझेनकडे आधुनिक पाश्चात्त्य संगीत शिकला. पुढे अमेरिकेत त्याला पंडित प्राणनाथ भेटले. प्राणनाथ म्हणजे उस्ताद अब्दुल वहीद खांचे शिष्य, किराणा घराण्याचे. १९७० पासून ते अमेरिकेत जाऊ लागले आणि टेरी रायली, ला माँट यंग यांच्यासारखे तिकडचे संगीतकार त्यांचे गंडाबंध शिष्यांसारखे झाले. हॅसेलही त्यांच्याबरोबर भारतात येऊन राहिला, शिकला. आणि गळ्यातून निघणारी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, ट्रम्पेटमधून कशी काढायची, याच्या मागे लागला. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह असतात, स्वर पायऱ्यांनी निघतो. मींड काढायची तर ओठांवर आणि फुंकेवरच सगळी भिस्त. ती फुंक त्यानं यंत्रातून अशी पाठवली की एका स्वराला दोन-तीन सावल्या चिकटून येतात.

आता हे मी मिरजेत बसून लिहितोय. किराण्याचेच उस्ताद अब्दुल करीम खां इथे स्थायिक झाले, १९३७ साली गेले. मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, रात्रभर गाणं चालतं, लहानपणापासून आम्ही चिंचेच्या झाडाखाली बसून ऐकत आलो. अब्दुल वहीद खां त्यांचेच आप्त. म्हणजे ज्या घराण्याची आलापी आमच्या कानात मुरलेली आहे तिचा एक धागा प्राणनाथांकडून हॅसेलकडे आणि हॅसेलकडून १९८०च्या या न्यूयॉर्कच्या अल्बमात गेला. हे मला कळलं त्यानंतर त्या गाण्यातला ट्रम्पेट मी वेगळ्या कानांनी ऐकतो. तो स्वरावर येतो तेव्हा थेट येत नाही, खालून वळसा घेत येतो, टेकल्यासारखं करतो आणि सोडतो. ते किराणा आहे. राग नाही, बंदिश नाही, पण स्वराला जवळ करायची ती रीत आमची आहे.

ज्यांना हॅसेल आणखी ऐकायचा असेल त्यांनी त्याचा ईनोबरोबरचा 'पॉसिबल म्यूझिक्स' ऐकावा. तोही १९८०चाच.

गिरगावकरीण

मिरजकर, इतकी वर्षं मी ते वाद्य ट्रम्पेट आहे हेच धरलं नव्हतं, सिंथेसायझरचा काहीतरी प्रकार वाटायचा. अंगावर काटा आला. आज ऐकते.

कोरा कागद

सगळे कौतुक करताहेत तर एक वेगळी बाजू मांडतो, कारण ती महत्त्वाची वाटते. हा अल्बम जिथून आला त्याचं नाव कव्हरवर कुठे आहे? नायजेरियाच्या फेला कुटीचा 'अ‍ॅफ्रोडिझियॅक' हा अल्बम १९७३चा. ईनोनं बर्नच्या पहिल्या भेटीतच तो त्याला ऐकवला. एका कॉर्डवर लांबवर चालणारं गाणं, एकमेकांत विणलेल्या गिटारी, हाक आणि कोरसचा प्रतिसाद, हे सगळं तिथे आधीच आहे. आणि ज्या ड्रमरच्या खांद्यावर ते उभं आहे त्या टोनी अ‍ॅलनचं नाव रॉकचे किती चाहते घेतात? फेला लष्करी सरकारचा मार खात होता, १९७७ साली सैनिकांनी त्याचं घर जाळलं. इकडे न्यूयॉर्कच्या कलाशाखेतल्या मुलांना त्या तालावरून थोर म्हटलं गेलं. हे बोलायलाच हवं.

दुसरं म्हणजे श्रेय बँडच्या आतही नीट वाटलं गेलं नाही. गाणी सगळ्यांनी मिळून घडवली होती, पण पहिल्या आवृत्तीवर छापलं गेलं 'डेव्हिड बर्न, ब्रायन ईनो, टॉकिंग हेड्स'. वेमथ आणि फ्रँट्झ यांना ते लागलं आणि लागणारच. बेसवालांनी वर जे लिहिलं त्या कामाला नाव मिळालं नाही.

बेसवाला नाशिककर

श्रेयाबद्दल शंभर टक्के सहमत. नंतरच्या आवृत्त्यांत संगीतासाठी पाचही नावं येतात, बर्न, ईनो, फ्रँट्झ, हॅरिसन, वेमथ. तेच योग्य.

आणि कव्हरचंही सांगतो. चार चेहऱ्यांवरचे लाल ठोकळे, ते वेमथ आणि फ्रँट्झ यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांबरोबर संगणकावर केलं. मुखवट्यांची कल्पना वेमथची. मागच्या बाजूला डोंगरांवरून जाणारी लढाऊ विमानं आहेत, ती तिच्या नौदलातल्या वडिलांच्या आठवणीसाठी. आधी विमानं पुढे यायची होती, चेहरे मागे. नंतर उलटं केलं. १९८० साली संगणकावर चित्र काढणं म्हणजे खोलीभर यंत्र लागायचं.

परसातली

कोरा कागद, तुमचा मुद्दा मला पटतो, पण त्यात थोडी भर घालते. मी न्यू जर्सीत राहते, इथे या अल्बमवर हीच चर्चा चालते.

बँडनं फेलाचं ऋण लपवलं नाही. न संपवलेला एक तुकडा नंतरच्या आवृत्तीत बाहेर आला त्याचं नावच 'फेलाज रिफ'. बर्ननं अल्बमबरोबर पत्रकारांना आफ्रिकन संगीतावरच्या पुस्तकांची यादी पाठवली होती, त्यात जॉन मिलर चेरनॉफचं आफ्रिकन तालावरचं पुस्तक होतं. काहींना तो दिखाऊपणा वाटला. मला मात्र, मूळ कुठे आहे ते वाचा असं ऐकणाऱ्याला सांगणं प्रामाणिक वाटतं. अर्थात ऋण मान्य करणं आणि ते फेडणं यात अंतर आहे, हेही खरं.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. बेनिनची गायिका अँजेलिक किजो १९८३ साली देश सोडून पॅरिसला आली. तिथे एका पार्टीत तिनं 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकलं आणि तिला ते आपल्याकडचं वाटलं. २०१८ साली तिनं अख्खा 'रिमेन इन लाइट' आपल्या पद्धतीनं पुन्हा केला. आणि त्यात ड्रम्स वाजवले कुणी? टोनी अ‍ॅलननं. ज्यांच्या घरून ताल निघाला होता त्यांनी तो परत हातात घेतला. 'बॉर्न अंडर पंचेस'मधला घाबरलेला सरकारी माणूस किजोच्या आवाजात ऐका. बर्न गातो तेव्हा तो वेडसर वाटतो, किजो गाते तेव्हा भ्रष्टाचाराचा राग ऐकू येतो.

कोरा कागद

टोनी अ‍ॅलनचं माहीत नव्हतं. हे ऐकायलाच हवं. किजोचा अल्बम आजच लावतो.

मृद्गंध

ऐकून आले. पहिल्यांदाच ऐकला, तर जसं वाटलं तसं लिहिते.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा खूप गर्दी वाटली, बंद करावंसं वाटलं. पण अनवटनी लिहिलं होतं तसं, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं एवढंच मोजत राहिले आणि मग रस्ता सापडला. सगळ्यात जास्त मनात राहिलं ते 'लिसनिंग विंड'. इथे त्याच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मोजिक नावाचा माणूस, त्याच्या देशात आलेले अमेरिकन, आणि तो पोस्टानं बाँब पाठवतोय. गाणं त्याला राक्षस करत नाही. वारा त्याला साथ देतो, गाणारा आवाज त्याच्याबद्दल हळवा आहे. अमेरिकन बँडनं अमेरिकनांवर उठलेल्या माणसाचं गाणं इतक्या मायेनं लिहावं, १९८० साली, हे मला फार धीट वाटलं. आज असं गाणं कुणी काढेल का, ते नाही सांगता येत.

गिरगावकरीण

मृद्गंध, तुझ्यामुळे मी 'लिसनिंग विंड' कॅसेट न थांबवता ऐकलं. आणि मिरजकरांचा ट्रम्पेटही. 'द ओव्हरलोड' मात्र अजून माझ्या गळी उतरलेलं नाही.

अनवट

'द ओव्हरलोड'बद्दल एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. बँडनं तेव्हा जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचं संगीत ऐकलेलं नव्हतं, फक्त त्याच्याबद्दल वाचलं होतं. वाचून मनात जे उभं राहिलं तसं वाजवून बघूया म्हणून ते गाणं निघालं, असं सांगतात. म्हणून ते बाकीच्या सात गाण्यांच्या रांगेतलं वाटत नाही. मला ते शेवटी असणं आवडतं. एवढ्या नाचानंतर सगळे आवाज थकून जमिनीवर येतात आणि ताल जवळजवळ थांबतो.

तिहाई

दोन्हीकडून मोजून ऐकलं. तिसरी मात्रा सम मानली की कोरस बरोबर समेवर उतरतो. ड्रमची सम धरली की आधी वाकडा वाटलेला बेसही आता बरोबर बसतो. दोन्ही खरं आहे. ढोलकीच्या खटक्यांतही असं होतं, ऐकणाऱ्याला भलतीच सम वाटते आणि वाजवणाऱ्याला आपली ठाऊक असते. इथे फरक एवढाच की वाजवणाऱ्यांतच एकमत नाही आणि तरी कुणी कुणाला पाडत नाही.

आता एक विचारतो. हे रंगमंचावर कसं वाजवायचे? चौघांना एवढे थर शक्य नाहीत.

अनवट

नाहीच शक्य. म्हणून माणसं वाढवली. बेल्यू, कीबोर्डला बर्नी वॉरेल, दुसरा बेस बस्टा जोन्सचा, तालवाद्यांवर स्टीव्ह स्केल्स, गायला डोलेट मॅक्डॉनल्ड. ऑगस्ट १९८०मध्ये कॅनडातल्या हीटवेव्ह महोत्सवात नऊ जण मंचावर उभे राहिले, तेही अल्बम बाजारात येण्याआधी आणि थोड्याशाच तालमींनंतर. ज्यांनी चौघांचा बँड पाहिला होता त्यांच्यापुढे एकदम वेगळंच काही आलं. त्याच वर्षी रोममध्ये झालेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा त्यांच्या कार्यक्रमाचा १९८४चा चित्रपट सगळ्यांना माहीत असतो, पण तिहाई, तुम्ही आधी रोमचं बघा. त्यात गाणी जास्त कच्ची आणि जास्त गरम आहेत, आणि कोण कुणाचं ऐकून वाजवतंय ते डोळ्यांना दिसतं. 'द ग्रेट कर्व्ह'मध्ये वॉरेल आणि स्केल्स यांच्याकडे लक्ष ठेवा.

आणि अभ्यासाला म्हणून २००६च्या आवृत्तीतले चार अर्धवट तुकडे ऐका. त्यातला 'राइट स्टार्ट' म्हणजे शब्द येण्याआधीचं 'वन्स इन अ लाइफटाइम'. गाणं अजून जन्मायचं आहे, पण ताल, बेस आणि दोन्ही समा आधीच जागेवर आहेत.

तिहाई

रोम लावलं आहे. स्केल्सच्या कोंगांवर लिहितो उद्या.